लक्ष्मीपुढं नाक झाकायचं नाही

माझ्या माहेरी कोठ्यात शिरताना चप्पल बाहेर काढायची आणि तोंडावरचा पदर खाली घ्यायचा, अशी रीत होती. कोठा म्हणजे मेंढरांचा गोठा. मेंढरं ही लक्ष्मी, आणि तिच्यापुढं नाकाला पदर लावला म्हणजे तिला घाण म्हटल्यासारखं होतं. मग ती रुसते आणि कोकरं दगावतात. देवळात कुणी नाक धरून जातं का, असं बाबा विचारायचे. भावाचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला उंबरठा ओलांडल्यावर आधी कोठ्यात नेलं. तिच्या घरी नुसती शेती, तिला त्या वासाची सवय नव्हती. तिनं पदर नाकाशी नेला आणि माझ्या मायनं तो हातानं खाली ओढला. रागावली नाही, नुसता ओढला. भावजय बिचारी डोळ्यांतून पाणी काढत उभी राहिली. जमलेल्या बायकांनी त्याचा अर्थ, पोरीला माहेर आठवलं, असा लावला.

आता हे सांगायचाही मला कंटाळा येतो. पण न सांगता ते डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा सांगून टाकते.

शिरड शहापूरच्या अलीकडं आमचं गाव. कोठा घराला लागूनच होता. मातीच्या भिंती, वर टिनपत्रं, आणि दार एकच. खिडकी ठेवली तर थंडी येते, लांडगा हात घालतो, असं म्हणून आजोबांनी ठेवली नव्हती. लांडग्याला हात नसतात हे मी लहानपणी एकदा बोलले आणि पाठीत धपाटा खाल्ला. पावसाळ्यात आत लेंड्यांचा चिखल व्हायचा, माश्या आणि मच्छर मेंढरांना बसू द्यायचे नाहीत. मग दिवस मावळायला बाबा फुटक्या घमेल्यात वाळक्या लेंड्या आणि लिंबाचा पाला पेटवून आत ठेवायचे आणि दार ओढून घ्यायचे. त्या धुरीत ते स्वतःही असायचे, कारण लहान कोकरं असली की बाबा आतच बाज टाकून झोपत. गोचीड झाले की दुकानातून आणलेली पांढरी पावडर हातानंच मेंढरांच्या अंगात चोळायचे. आणि उन्हाळ्यात खत काढायचं. वर्षभर तुडवून दगडासारखा झालेला लेंड्यांचा थर कुदळीनं उकरायचा, ठोकून मोकळा करायचा, टोपल्यांनी बाहेर काढायचा. हळदीच्या शेतकऱ्यांच्या बैलगाड्या दारात उभ्या असायच्या, त्यामुळं घाई असायची. दिवसभर त्या धुळीत राहून बाबा बाहेर आले की त्यांच्या पापण्यासुद्धा तांबूस दिसायच्या. ते खाकरून काळं थुंकायचे आणि छाती साफ झाली म्हणायचे.

बाबांचा खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. तो आमच्या घरात कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. कोठ्यात काम करणारा माणूस खोकतोच, ज्याच्या घरी मेंढरं त्याच्या घरी खोकला. माझं लग्न होऊन मी हिंगोलीला आले, शिवणकाम करायला लागले, तेव्हा माहेरी गेल्यावर मला तो खोकला वेगळा ऐकू यायला लागला. गळ्यातून येणारा नव्हता, खालून कुठून तरी यायचा. मी मायला म्हटलं, बाबांना दाखवा. माय म्हणाली, मेंढरं कोण चारील, तू?

शेवटी वजन उतरलं तेव्हा दाखवलं. एरवी बंडी अंगाला घट्ट बसते, बाबांच्या बंडीत आता आणखी एक माणूस मावला असता. गावाजवळच्या डॉक्टरानं पातळ औषध आणि इंजेक्शनं दिली. गुण नाही आला. मग फोटो काढला, फोटोत डाग दिसला. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण आमच्याकडं छातीच्या फोटोत डाग दिसला की तो टीबीचाच असतो. गोळ्या सुरू झाल्या. मायनं बाबांचं ताट आणि तांब्या वेगळा केला. आयुष्यभर एका ताटात कुत्र्याला, कोकराला आणि नातवाला भरवणारा माणूस ओसरीवर एकटा जेवायला लागला. गोळ्या संपत आल्या तरी खोकला तसाच. मग एक दिवस थुंकीत रक्त आलं.

मी बाबांना माझ्याकडं हिंगोलीला आणलं. हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्हा झाली होती, पण मोठ्या तपासणीला नांदेडशिवाय गती नव्हती. मग बसनं नांदेड, परत हिंगोली, परत नांदेड. कळमनुरीला गाडी थांबली आणि बाजारचा दिवस असला की बाबा खिडकीतून बाहेर विकायला आणलेल्या शेळ्यामेंढ्या बघायचे आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा म्हणाले, ती काळी शेळी गाभण आहे आणि तो मालक तिला कसायाला देऊन राहिलाय, उतरून सांग त्याला. मी म्हटलं बाबा, बसा गप. मला झोप नव्हती, घरी शिवायच्या कपड्यांचा ढीग पडलेला, नवरा धड बोलत नव्हता, आणि यांना कुणाच्या शेळीची पडली होती.

प्रत्येक दवाखान्यात पहिला प्रश्न एकच. बिडी किती ओढता?

बाबा म्हणायचे, ओढत नाही. समोरचा माणूस हसायचा, किंवा माझ्याकडं बघायचा. बाबांच्या तरुणपणी एका पाहुण्याच्या बिडीनं आमची कडब्याची गंज पेटली आणि शेजारी बांधलेल्या गाभण शेळ्या जळून गेल्या. तेव्हापासून आमच्या अंगणात बिडी पेटवायची परवानगी व्याह्यालासुद्धा नव्हती. भावाच्या लग्नात नवरदेवाचा बाप म्हणून मिरवायचं सोडून बाबा मांडवात फिरून लोकांच्या बिड्या विझवत होते. हे सगळं दवाखान्यातल्या माणसाला कसं सांगायचं? एका ठिकाणी एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, म्हातारी माणसं लेकीसमोर लाजतात. त्या दिवशी माझ्या तोंडाशी आलेला शब्द मी गिळला, कारण रांगेत पुन्हा उभं राहायचं त्राण मला नव्हतं.

नांदेडला सुई घालून तपासणी झाली आणि काही दिवसांनी एका डॉक्टरीणबाईनं मला बाकावर बसवून सांगितलं की हा टीबी नाही, फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि फार पुढं गेलेला आहे. मी रडले नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, बिडी न ओढता कसा होतो मग? ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. तिनं विचारलं, ते काम काय करतात?

एवढ्या फेऱ्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी सगळं सांगितलं. एकच दार, धुरी, पावडर, खताची धूळ, आतली झोप. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, असू शकतं. मग लगेच म्हणाली की नक्की असं मी म्हणणार नाही. जन्मभर जनावरांत राहून काही न होणारी माणसं पुष्कळ असतात. अभ्यास करणाऱ्यांचंही यात एकमत नाही. पण बंद खोलीत रोज एवढा धूर आणि धूळ कुठल्याच छातीला चांगली नाही. मग तिनं विचारलं, आता मेंढरं कोण बघतं? मी म्हटलं, भाऊ. तोही आतच झोपतो का? मी हो म्हटलं. तोही खोकतो का? मला आठवलं की पहाटे तोही खोकतो. ती म्हणाली, तिथं वारा येऊ द्या, धूर बंद करा आणि त्याला काम करताना नाक झाकायला सांगा. वडिलांचं आता आपल्या हातात फार नाही.

असू शकतं. भांडायला निघालेल्या माणसाच्या हाती एवढंच आलं. होय म्हणाली असती तर मी सगळ्या गावाशी भांडले असते, नाही म्हणाली असती तर गप्प बसले असते.

बाबांना गावी नेलं तेव्हा मी नाकाला बांधायची फडकी शिवून बरोबर नेली. मऊ सुती कापड, दुहेरी, मागं बांधायला नाड्या. सगळे बसलेले असताना मी सांगितलं की कोठ्याच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडा, धुरी बंद करा, आत झोपू नका आणि खत काढताना हे बांधा. भावानं एक फडकं उचलून उलटसुलट केलं आणि म्हणाला, अक्का, ही तर मुस्की. मळणीच्या बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ती मुस्की. सगळे हसले, बाबाही हसले आणि हसता हसता खोकले. गावात दुसऱ्या दिवशी झालं, अक्कानं भावाला मुस्की शिवली. माय मात्र हसली नाही. ती म्हणाली, हिंगोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला सोपं असतं. नाक झाकून कोठ्यात गेलेलं माणूस या घरात मी येऊ दिलं नाही आणि देणार नाही.

पण माझं बोलणं एका माणसाला लागलं होतं, भावजयीला. तिचं लेकरू रांगत रांगत कोठ्यात जायचं. घरात काय कुरबूर झाली मला माहीत नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा भाऊ म्हणाला, समदी मेंढरंच इकून टाकतो, कटकट मिटली. रागानं म्हणाला की भीतीनं, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. मला विकायला नको होतं. मला फक्त एक खिडकी आणि नाकावर एक फडकं पाहिजे होतं. पण आमच्या घरात मधली गोष्ट कुणाला जमतच नाही. एक तर लक्ष्मी म्हणून उराशी धरून झोपायचं, नाहीतर कसायाला देऊन मोकळं व्हायचं.

जवळा बाजारचा एक व्यापारी आला. दुपारची वेळ, दोन-चार भावकीतली माणसं ओसरीवर होती. व्यापारी एकेक मेंढरू धरून त्याच्या पाठीचा कणा बोटानं दाबून बघत होता. बाबा बाजेवर पडून ते बघत होते. त्यांना उठून बसता येत नव्हतं, पण ते उठून बसले.

"त्या मुक्या जितराबाला काहून बोल लावू राहिले?" ते म्हणाले. "मी बिडी ओढत व्हतो. घरी न्हाई ओढली कधी. रानात ओढत व्हतो. रानात कोन बघतं?"

मायनं चुलीपुढून वर बघितलं आणि परत खाली बघितलं. भावानं व्यापाऱ्याला सांगितलं की सध्या राहू द्या, आणि व्यापाऱ्यानं चपला पायात घातल्या. भावकीतला एक म्हातारा समाधानानं मान हलवत होता. त्याला कोडं सुटल्यासारखं वाटलं असावं.

सगळे गेल्यावर मी बाबांना पेज भरवत होते. मी त्यांना म्हटलं की माझ्यासमोर तरी खरं बोला, हे का केलं? त्यांनी चमचा हातानं बाजूला केला.

"जितराबाच्या नावावर गेलं तर उद्या त्येला कोन ठिवील? माझ्या नावावर गेलं तर मी चाललोच हाय, माय."

मी म्हटलं, "आन् तुमच्या पोराचं काय? तोबी त्याच कोठ्यात झोपतो."

त्यांनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, त्येला सांग, धुरी कमी कर. नाकाबद्दल काही बोलले नाहीत. मी पण पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तेवढं बोलूनच ते घामाघूम झाले होते.

थंडीच्या तोंडाला बाबा गेले. गावाला त्यांच्या बिडीची गोष्ट पटायला वेळ लागला नव्हता. माणूस मोठ्या दुखण्यात पडला की त्यानं काहीतरी केलंच असणार, असं मानलं म्हणजे बाकीच्यांना बरं वाटतं. दहाव्याला आलेले लोक एकमेकांना सांगत होते की बघा, किती सोवळा दाखवायचा आणि आतून काय. मी तिथंच पाण्याचे तांबे भरत होते. औंढ्याच्या स्टँडवर एक नातेवाईक आपल्या पोराला दरडावताना मी ऐकलं, टाक ती बिडी, नाहीतर त्या म्हाताऱ्यासारखा रक्त थुंकून मरशील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण त्या पोरानं खरंच बिडी सोडली, गावातल्या आणखी एक-दोघांनी सोडली, हे मान्य केलं पाहिजे. आयुष्यभर मांडवात फिरून बाबांना जे जमलं नाही, ते मरून आणि खोटं बोलून जमलं.

भावानं धुरी कमी केली. घमेलं आत ठेवायचं सोडून दारात ठेवायला लागला. खिडकी झाली नाही. फडक्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. भावजयीनं त्यातल्या एकात हळदीचं बेणं बांधून ठेवलेलं मला दिसलं.

उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा खत काढायचं चाललं होतं. दारात बैलगाडी उभी होती. कोठ्याच्या दारातून धूळ अशी बाहेर येत होती की आत माणूस आहे की नाही ते दिसत नव्हतं, नुसता कुदळीचा आवाज आणि मधूनमधून खोकला. भाऊ टोपलं घेऊन बाहेर आला. तोंड उघडं, पापण्या तांबूस. मला वाटलं बाबाच आले, आणि मग माझा तोल सुटला. मी त्याच्या हातातलं टोपलं खाली पाडलं, त्याच्या दंडाला धरून त्याला चिंचेखाली नेलं. गाडीवाला बघत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. की बाबा खोटं बोलले. त्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही. ही मेंढरं विकली जाऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. तू बिडी ओढत नाहीस म्हणून तुला काही होणार नाही, असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. एवढे दिवस मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना वाटलं, आता तरी हा ऐकेल.

तो खाली बसला. अंगातली बंडी काढून त्यानं तोंड पुसलं.

"मला ठाव हाय, अक्का," तो म्हणाला.

मी म्हटलं, कुणी सांगितलं? मायनं?

"कोन कशाला सांगल? शाळा सोडल्यापून मी त्याच्यासंगं रानात व्हतो. रानात कोन बघतं म्हनला तवा मी समोरच बसलो व्हतो की."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाप रानात काय करतो हे बघणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याचसमोर बापानं ते सांगितलं होतं. त्याला माहीत असताना सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं असेल तेव्हा, मी तिथंच होते आणि मला दिसलं नाही.

मी म्हटलं, मग माहीत असून तोंड का बांधत नाहीस रे? निदान लेकरासाठी तरी बांध.

त्यानं बंडी झटकून परत अंगात घातली. गाडीवाला बैलांना पाणी दाखवत होता.

"बाबानं सगळ्या जिंदगीत एकच लबाडी केली," तो म्हणाला. "तीबी ह्या मेंढरांच्या नावावर डाग लागू ने म्हनून. आता मीच ह्यांच्याम्होरं नाक झाकू? मग त्यो कशापायी बोलला?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरं सांगते, मला त्या क्षणी मेलेल्या बापाचा राग आला, आधी कधी आला नव्हता एवढा. मेंढरं वाचवायची म्हणून त्यांनी ते केलं आणि ती वाचली. पण पोराच्या नाकावर एक फडकं चढलं असतं, ते त्यांनी कायमचं बंद करून टाकलं. माझ्याजवळ नांदेडच्या बाईचं असू शकतं एवढंच होतं, आणि त्याच्याजवळ बापाचा शब्द होता. खोटा असला तरी बापाचा.

तो उठला, सांडलेलं खत हातानं टोपल्यात भरलं आणि आत गेला. मी चिंचेखाली बसून राहिले. मायनं हाक मारली तेव्हा आत जाऊन पीठ मळलं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भावाचा खोकला आहे, वाढला म्हणावं तर नाही, गेला म्हणावं तर नाही. नांदेडला चल म्हटलं की मेंढरं कोण चारील म्हणतो. मी आता भांडत नाही, दम उरला नाही. माहेरी गेले की तेवढे दिवस पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि कोठ्याचं दार उघडून दगड लावून ठेवते. तो बाजेवरून बघतो. मी हिंगोलीची गाडी धरल्यावर दार परत लावून घेत असेल.